रुतलेला ट्रॅक्टर आणि कप्पीचे गणित

रोवणीच्या दिवसांत खाचरात ट्रॅक्टर रुतला की बांधावर जे दृश्य दिसते, ते भंडारा-गोंदियाच्या शिवारात, छत्तीसगडच्या मैदानात आणि केरळच्या कुट्टनाडात फारसे वेगळे नसते. चालक गिअर बदलून पाहतो, मागची चाके जागच्या जागी गरगरतात आणि प्रत्येक फेऱ्यागणिक थोडी थोडी खाली जातात. मग कोणी शेजारच्या शेतातील दुसरा ट्रॅक्टर बोलावतो, कोणी ट्रॉलीतील जाड नायलॉनचा दोर आणतो, तर कोणी मागच्या चाकांना आडवा बांधण्यासाठी ओंडका शोधू लागतो. दहा-पंधरा माणसे भोवती गोळा होतात. त्यांत मुलेही असतात. पुष्कळदा ट्रॅक्टर निघतोही. त्यामुळेच या पद्धती टिकून आहेत. परंतु ज्या दिवशी तो निघत नाही, त्या दिवशी दोर तुटतो, हूक उडतो किंवा ट्रॅक्टर चालकावर उलटतो. आणि रोवणीचा दिवस वाया जाण्याची चिंता करणाऱ्या घरावर त्याहून फार मोठे संकट कोसळते.

हातविंच, कप्पी, तारेचा दोर आणि चार भक्कम पहारी एवढ्या साहित्यावर हेच काम संथपणे आणि पुष्कळ अधिक सुरक्षितपणे होऊ शकते. मात्र कप्पी बळ वाढवते एवढेच ठाऊक असून भागत नाही. ती ते बळ कोणाकडून घेते आणि कोणावर टाकते, हा हिशेब आधी मांडावा लागतो.

चिखल किती घट्ट धरतो?

भारतात काळ्या मातीखालील क्षेत्र ७ कोटी हेक्टरांहून अधिक आहे. विदर्भ, मराठवाडा, माळवा, गुजरात आणि उत्तर कर्नाटकातील शेतकऱ्यांना तिचा स्वभाव सांगावयास नको. पाणी मिळाले की ती फुगते, चाकाला चिकटते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत रुळासारखा होतो. भातखाचराची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. तेथे चिखलणीमुळे वरचा थर मुद्दाम मोडलेला असतो आणि त्याखाली वर्षानुवर्षांच्या चिखलणीने तयार झालेला घट्ट थर असतो. ट्रॅक्टर वस्तुतः या घट्ट थरावर चालतो. फिरणाऱ्या चाकाने तो थर एकदा फोडला की खाली आधारच उरत नाही.

सैन्यदलांना रुतलेली वाहने काढण्याचे काम सतत करावे लागते. अमेरिकन सैन्याच्या वाहन-बचाव पुस्तिकेत यासाठी एक साधा ठोकताळा दिलेला आहे. चाक तुंब्यापर्यंत रुतले असेल, तर वाहन हलविण्यासाठी त्याच्या मालासह एकूण वजनाइतकी ओढ लागते. चिखल तुंब्याच्या वर मडगार्डपर्यंत आला असेल तर दुप्पट, आणि त्याहूनही वर गेला असेल तर तिप्पट. हा ठोकताळा मालवाहू मोटारी व रणगाडे यांच्यासाठी असला, तरी ट्रॅक्टरच्या बाबतीत अंदाज बांधण्यास तो पुरेसा आहे.

४५ अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर साधारण २ टनांचा असतो. त्याला ४०० किलोचा रोटाव्हेटर जोडलेला आहे आणि चाके तुंब्यापर्यंत रुतली आहेत असे समजू. ओढ लागेल सुमारे २.४ टन. रोटाव्हेटर सोडविला तर ती २ टनांवर येते. चालकाने आणखी दहा मिनिटे चाके फिरविली आणि चिखल मडगार्डला लागला, तर ती ४ टनांवर जाते. म्हणून चाक एकदा जागेवर फिरू लागले की पाय क्लचवर गेला पाहिजे. पुढच्या सर्व कामातील सर्वांत स्वस्त निर्णय हाच आहे.

ओंडका आणि हिसका

दोन प्रचलित उपायांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे.

मागच्या चाकांना ओंडका बांधण्याची युक्ती जुनी आहे. चाक फिरले की ओंडका जमिनीत अडकेल आणि ट्रॅक्टर त्यावर चढेल, अशी कल्पना असते. परंतु ओंडका पक्का अडकला की चाक फिरू शकत नाही. इंजिनाचे बळ मात्र चालूच असते. चाक फिरत नसेल तर त्या बळाने ट्रॅक्टरचा सांगाडाच मागच्या आसाभोवती फिरू लागतो, म्हणजे पुढची चाके हवेत उचलली जातात. ट्रॅक्टर मागे उलटताना सावरण्याची मर्यादा सुमारे पाऊण सेकंदात ओलांडली जाते आणि दीड सेकंदात तो पूर्ण उलटतो. क्लच दाबला पाहिजे हे चालकाच्या लक्षात येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली आणि तेथे उलटण्याने होणारे मृत्यू पुढे झपाट्याने घटले. आपल्याकडे शेतांत फिरणाऱ्या असंख्य जुन्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट नाही. असलीच तर तिला ताडपत्री बांधलेली असते आणि सीटबेल्ट सीटखाली गुंडाळलेला असतो.

दुसरा उपाय म्हणजे हिसका. ट्रॅक्टर किती ओढू शकेल हे अश्वशक्तीपेक्षा चाकाखालील पकडीवर ठरते. ओल्या जमिनीवर स्वतःच्या वजनाच्या निम्मी ओढ मिळणेही कठीण. म्हणजे मदतीला आलेला २ टनांचा ट्रॅक्टर फार तर १ टन ओढणार आणि गरज आहे २ टनांची. ही तूट भरून काढण्यासाठी मग दोर सैल सोडून, वेग घेऊन हिसका दिला जातो. ताशी ५ किलोमीटर वेगाने निघालेला २ टनांचा ट्रॅक्टर दोराच्या १० सेंटीमीटर ताणात थांबला, तर केवळ त्या वेगामुळे दोरावर सरासरी सुमारे २ टनांचे बळ येते. दोराऐवजी न ताणणारी साखळी असेल आणि तो २ सेंटीमीटरांत थांबला, तर तेच बळ १० टनांच्या घरात जाते. साखळीची कडी, हिचची पिन, शॅकलचा बोल्ट यांपैकी जे सर्वांत दुबळे असेल ते तुटते आणि बंदुकीच्या गोळीसारखे उडते. नायलॉनचा दोर ताणला जातो म्हणून तो सौम्य वाटतो. पण ताणताना साठविलेली सगळी ऊर्जा तुटण्याच्या क्षणी तो परत करतो.

मोटेपासून कप्पीपर्यंत

कप्पी आपल्याला परकी नाही. मोटेच्या विहिरीवर नाडा चाकावरून जाई आणि बैल धावेवरून उतरत. ते चाक बळ वाढवीत नव्हते. फक्त बळाची दिशा बदलीत होते. धावेला उतार ठेवण्याचे कारणही हेच, की बैलाचे स्वतःचे वजन ओढीला साहाय्य करी. विहीर खोदणाऱ्यांच्या यारीवर मात्र गिअर असतात आणि माणसाच्या हाताने दगडांनी भरलेली मोठी बादली वर येते.

रुतलेल्या वाहनासाठी कप्पी दोन रीतींनी वापरतात आणि त्यांतील भेद समजून घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये.

पहिली रीत म्हणजे स्थिर कप्पी. विंच ट्रॅक्टरच्या सरळ रेषेत बसविता येत नाही, म्हणून झाडाला कप्पी बांधून दोर वळवायचा. यात बळ वाढत नाही. मात्र झाडावर किती भार येतो ते दोराच्या दोन फाट्यांमधील कोनावर ठरते. दोर पूर्ण मागे वळला असेल तर झाडावर ओढीच्या दुप्पट भार येतो. दोन फाट्यांत काटकोन असेल तर सुमारे १.४ पट, आणि १२० अंशांचा कोन असेल तर ओढीइतकाच. १ टनाची विंच लावली म्हणून खुंटही १ टनाचा पुरेल, हा समज येथेच फसतो.

दुसरी रीत म्हणजे चल कप्पी. कप्पी ट्रॅक्टरच्या हिचला बांधायची. दोराचे एक टोक खुंटाला पक्के करायचे. दोर कप्पीतून वळवून विंचकडे आणायचा. आता ट्रॅक्टरला दोराचे दोन फाटे ओढतात, म्हणून विंचला निम्मे बळ पुरते. त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. ट्रॅक्टर ५ मीटर सरकायचा तर १० मीटर दोर ओढावा लागतो. हातविंचच्या दांड्याच्या एका पूर्ण फेऱ्याला दोर पाच-सहा सेंटीमीटर सरकतो असे धरले, तर हे दीड-दोनशे फेऱ्यांचे काम आहे. त्यात घाम आहे, पण हिसका नाही.

घर्षणासाठी प्रत्येक कप्पीमागे ओढीच्या १० टक्के वाढ धरण्याची पद्धत आहे. आपल्या २ टनांच्या उदाहरणात एक चल कप्पी लावली, तर हिशेब २.२ टनांचा होतो आणि दोराच्या प्रत्येक फाट्यावर १.१ टन येतात. १.६ टन क्षमतेची हातविंच, जी कप्पीविना हे काम करूच शकली नसती, ती आता आपल्या क्षमतेच्या सुमारे दोन तृतीयांशावर काम करते.

कोणती विंच?

कारखाने व वीजवाहिन्यांच्या कामावर जिला टिरफोर म्हणतात, ती दांड्याने चालणारी हातविंच या कामासाठी सर्वांत उपयुक्त आहे, असे माझे मत आहे. तिच्यात दोर गुंडाळला जात नाही. दोन जबडे आळीपाळीने दोर पकडून पुढे सरकवितात. त्यामुळे दोर हवा तितका लांब घेता येतो आणि दांडा सोडला तरी भार जागीच धरला जातो. ०.८, १.६ आणि ३.२ टन या तिच्या प्रचलित क्षमता आहेत. अतिभार आला तर आधी तुटावी अशी एक पिन तिच्यात मुद्दाम बसविलेली असते. ती तुटली म्हणजे मांडणी चुकली आहे, एवढाच तिचा निरोप. तिच्या जागी खिळा किंवा बोल्ट ठोकून काम पुढे रेटणारे लोक असतात. त्यांच्या बाजूला उभे राहू नये.

रॅचेटची छोटी दोर-ओढणी स्वस्त मिळते. तिच्यावर लिहिलेली क्षमता अनेकदा तिचाच दोर कप्पीतून दुहेरी घेतल्यावरची असते, हे विकत घेतानाच पाहावे. गॅरेजमधील चेन पुली ब्लॉक सरळ वर उचलण्यासाठी बनविलेला असतो. तो आडवा लावला की साखळी पिळवटून अडकते. आडव्या ओढीसाठी दांड्याचा चेन ब्लॉक निराळा मिळतो, पण त्याची साखळी आखूड असते. जीपला बसविलेल्या विजेच्या विंचची नोंदलेली क्षमता ड्रमवरील दोराच्या सर्वांत आतल्या थराची असते. वरच्या थरांवर ती कमी होत जाते.

खुंट हाच खरा प्रश्न

विंच बाजारातून आणता येते. खुंट मात्र शेतातच उभा करावा लागतो, आणि चिखलात तो उभा करणे हा या कामाचा सर्वांत कठीण भाग आहे.

वर सांगितलेल्या मांडणीत विंच आणि दोराचे पक्के टोक एकाच खुंटाला बांधले, तर त्यावर एकूण २.२ टन येतात. बांधावर जिवंत, जाड बुंध्याचे आंब्याचे किंवा बाभळीचे झाड असेल तर उत्तम. दोर थेट सालीवर न आवळता रुंद पट्टा वापरावा आणि तो शक्य तितका मुळाजवळ घालावा. कृषिपंपाच्या विजेचा खांब, विहिरीचा कठडा आणि ठिबकसंचाच्या खोलीची भिंत हे खुंट नव्हेत. खांब कलला तर ट्रॅक्टर राहील बाजूलाच, वीजवाहिनी चिखलात येईल.

झाड नसेल तर पहारींचा खुंट करावा लागतो. तीन पहारी शेजारी, त्यांच्या मागे एक-दीड मीटरवर दोन आणि त्यामागे एक, अशी रचना करतात. प्रत्येक पहार ओढीच्या उलट दिशेला थोडी कललेली असते. पुढच्या पहारींच्या डोक्यापासून मागच्या पहारींच्या बुडाशी दोर आवळतात, म्हणजे पुढची पहार उपटू लागली की मागची तिला धरते. सैनिकी पुस्तिकांनुसार न हललेल्या पोयट्याच्या जमिनीत सुमारे एक मीटर खोल ठोकलेली एकटी मेख साधारण ३२० किलो धरते आणि ही तीन-दोन-एकची रचना सुमारे १,८०० किलो. ओल्या गाळवट जमिनीत मात्र हेच आकडे निम्म्यावर आणावे लागतात. म्हणजे १,८०० चे ९०० झाले, आणि आपल्याला हवे आहेत २,२००.

कागदावरचा हिशेब येथे उपयोगी पडतो. ९०० किलोच्या खुंटाला २.२ टन लावले असते, तर पहारी चिखलातून उसळून विंच चालविणाऱ्याच्या दिशेने आल्या असत्या. यातून मार्ग तीन आहेत. दोर लांब घेऊन खुंट खाचराबाहेर कोरड्या, न नांगरलेल्या जमिनीत न्यायचा. तेथेही विंचसाठी एक आणि दोराच्या टोकासाठी दुसरा असे दोन स्वतंत्र खुंट करायचे, म्हणजे प्रत्येकावर १.१ टनच येतील. किंवा ओंडका वापरायचा, पण चाकाला बांधून नव्हे, तर पुरून. ओढीच्या रेषेला आडवा, सुमारे एक मीटर खोल चर खणून त्यात दीड-दोन मीटर लांबीचा जाड, ताजा ओंडका ठेवतात. मधोमध दोर बांधून तो बाहेर येण्यासाठी अरुंद, तिरकी खाच करतात आणि चराची पुढची भिंत अजिबात ढिली होऊ देत नाहीत. तिसरा मार्ग मदतीला आलेल्या ट्रॅक्टरचा. त्याने ओढायचे नाही, फक्त खुंट व्हायचे. घट्ट जमिनीवर, चाकांपुढे खड्डे करून त्यांत ओंडके अडकवून, ब्रेक लावून आणि अवजार जमिनीत उतरवून तो उभा केला, तर दोराचा एक फाटा त्याच्या हिचला देता येतो. दोन्ही फाटे त्याच्यावर टाकू नयेत.

प्रत्यक्ष काम

दोर बांधण्यापूर्वी प्रतिरोध कमी करावा. अवजार व ट्रॉली सोडवावी. उसाची ट्रॉली असेल तर ती रिकामी करण्याचा कंटाळा करू नये. चाकांसमोरचा चिखल फावड्याने काढून उताराची वाट करावी आणि तीत पाचट, तुराट्या किंवा फळ्या घालाव्यात. पोट जमिनीला टेकले असेल तर त्याखालची माती मोकळी करावी, कारण तेथे चिखल हवा धरू देत नाही आणि ट्रॅक्टरला खाली शोषून धरतो. शक्यतो ट्रॅक्टर आला त्याच वाटेने मागे ओढावा. ती चाकोरी त्याने आधीच दाबलेली असते.

दोर बांधण्याची जागा नेहमी खालची, म्हणजे ड्रॉबार किंवा पुढच्या बाजूचा टो-हूक. टॉप लिंकच्या कंसाला, सीटच्या सांगाड्याला किंवा मागच्या आसाच्या वर दोर कधीही बांधू नये. ओढीची रेषा उंच गेली की ट्रॅक्टर उलटण्यास आमंत्रण मिळते.

तारेच्या दोराला गाठ मारू नये. गाठीने त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. टोकाचा फास यू-क्लिपांनी करताना क्लिपेचे खोगीर भार घेणाऱ्या लांब दोरावर आणि गोल बोल्ट आखूड टोकावर यावा. १२ मिलिमीटर दोराला किमान तीन क्लिपा, दोराच्या व्यासाच्या सहापट अंतराने लावाव्यात. उलट-सुलट बसविलेल्या क्लिपा दिसायला तितक्याच घट्ट असतात, म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही.

दोर हळूहळू ताणावा आणि मध्येच थांबून प्रत्येक जोड व खुंट पाहावा. ताणलेल्या दोराच्या मधोमध भिजविलेली पोती किंवा जुनी गोधडी टाकावी. दोर तुटला तर त्याचा फटकारा त्या वजनाने खाली बसतो. बघ्यांनी दोराच्या एकूण लांबीपेक्षा अधिक दूर उभे राहावे. कप्पीवर दोर वळतो तेव्हा दोन फाट्यांच्या मध्ये तयार होणारा त्रिकोण सर्वांत घातक असतो. कप्पी किंवा तिचा खुंट सुटला तर सगळे काही त्या त्रिकोणातून जाते. तेथे कोणीही असू नये, मालकही नाही. खुणा एकाच माणसाने द्याव्यात. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवावा, चालकाने केवळ चाके सरळ धरावीत. विंचच्या जोडीला इंजिनाचे बळ लावण्याचा मोह आवरावा. चाकांना अचानक पकड मिळाली तर दोर सैल पडतो आणि ट्रॅक्टर विंच चालविणाऱ्या माणसाकडे धावतो. चाके घट्ट जमिनीवर आली की त्यांच्यापुढे दगड लावून मगच दोर सैल करावा.

हे सर्व साहित्य एकेका शेतकऱ्याने घ्यावे असे सुचविण्यात अर्थ नाही. त्याला ते वर्षातून एखाद्या वेळी लागेल. परंतु कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाखाली उभ्या राहिलेल्या अवजार बँकांत पेरणीयंत्र व मळणीयंत्राच्या शेजारी एक हातविंच, दोन कप्प्या, तीस-चाळीस मीटर तारेचा दोर, रुंद पट्टे, शॅकल आणि सहा पहारी ठेवता येतील. पावसाळ्यापूर्वी गावातील ट्रॅक्टरचालकांना एकदा एकत्र करून कोरड्या जमिनीवर तीन-दोन-एकचा खुंट ठोकून पाहिला, तर ऐन गर्दीच्या वेळी मांडणी सुचण्यास अर्धा दिवस जाणार नाही.

काम झाल्यावर दोर धुवावा, सावलीत वाळवावा आणि तेलाचा हात फिरवून सैल वेटोळ्यांत टांगावा. तुटलेल्या तारा शोधण्यासाठी उघडा हात फिरवू नये. जाड चामडी हातमोजे घालावेत किंवा कापूस फिरवावा, जेथे तार तुटली असेल तेथे तो अडकतो. आणि शेतात ज्या दोन खोल चाकोऱ्या उरतात, त्या ओलीतच लोटून भरण्याची घाई करू नये. भातखाचरात घट्ट थर फुटलेल्या जागी पुढच्या वर्षी ट्रॅक्टर पुन्हा रुततो. म्हणून तेथे बांधावर खूण करून ठेवावी, वापसा आल्यावर माती थराथराने दाबून भरावी आणि पुढील हंगामात चिखलणी करताना तेवढा कोपरा बैलांनी किंवा पॉवर टिलरने करावा.